दृष्टिरेषा : उदगीरची लढाई, आर्वीची डिश आणि माइक्रोवेव्हचा इतिहास

१/
३ फेब्रुवारी १७६०. उदगीर-औशाच्या परिसरात निजामाच्या फौजेचा निर्णायक पराभव झाला. सदाशिवराव भाऊंचे सैन्य आणि इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना यांच्यापुढे सलाबतजंग व निजामअली या बंधूंना तह करावा लागला. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादेसारखा किल्ला मराठ्यांच्या पदरात पडला. विजयाच्या त्या दिवशी छावणीतील एकाही माणसाला ठाऊक नव्हते की, उत्तरेत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे यांना धारातीर्थी पडून चोवीस दिवस उलटले आहेत.

२/
नकाशा उघडून पाहिला तर एक विलक्षण योगायोग दिसतो. दिल्लीजवळचे बुराडी आणि मराठवाड्यातील उदगीर ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, पूर्व ७७ अंशाच्या किंचित पुढे. बुराडीहून सरळ दक्षिणेकडे रेघ ओढली तर सुमारे ११५० किलोमीटरवर ती उदगीरच्या किल्ल्याजवळ येऊन थांबते. १० जानेवारीला त्या रेघेच्या वरच्या टोकाला घडलेली घटना दख्खनेत कळायला फेब्रुवारीचा मध्य उजाडला. मार्चमध्ये परतूर येथे पेशवे व भाऊ यांची मसलत झाली, भाऊंनी उत्तरेकडे कूच केले आणि पुढचे पानिपत सर्वांना ठाऊक आहे.

३/
मराठी राज्याची बातमीव्यवस्था त्या काळाच्या मानाने ढिसाळ मुळीच नव्हती. जासूद, हरकारे, सांडणीस्वार यांची साखळी होती. एकाने थकायचे, दुसऱ्याने थैली उचलायची. हे डाकचौकीचे तत्त्व. परंतु वाटेत नद्या होत्या, घाट होते आणि शत्रूची ठाणी होती. पत्राचा वेग शेवटी माणसाच्या आणि जनावराच्या पायाचा वेग होता. या धाग्याचा विषय आहे तो त्यानंतरच्या दोन शतकांत सापडलेला उपाय. प्रकाशाच्या वेगाने जाणारी, पण डोंगर आडवा आला की अडणारी एक लहर. तिचे नाव माइक्रोवेव्ह. पाठ्यपुस्तकांत तिला सूक्ष्मलहरी म्हणतात.

४/
आधी ओळख. आकाशवाणीच्या लहरी, प्रकाश, क्ष-किरण ही सारी एकाच कुळातील विद्युतचुंबकीय लहरींची रूपे, फरक तरंगलांबीचा. साधारण एक मीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत तरंगलांबी असलेल्या लहरींना माइक्रोवेव्ह म्हणतात. सेकंदाला ३० कोटी ते ३०,००० कोटी कंपने. मध्यमलहरींवरील आकाशवाणीची लहर शेकडो मीटर लांबीची असते, ती जमिनीला धरून वळत जाते. माइक्रोवेव्हचे वागणे मात्र प्रकाशासारखे असते. ती सरळ जाते, आरशावरून परतते, भिंगातून एकवटते. हा तिचा मोठा गुण आणि तीच तिची मर्यादा. पुढचा सारा इतिहास या एका स्वभावातून निघाला आहे.

५/
या लहरींचे पहिले पद्धतशीर प्रयोग भारतात झाले, हे अनेकांना ठाऊक नसते. १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस अवघ्या ५ ते २५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करीत होते. टाउन हॉलमधील त्यांच्या जाहीर प्रात्यक्षिकात अदृश्य लहरींनी मधल्या भिंती ओलांडल्या, दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठवण्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट.

६/
बोस यांच्या मेजावरील उपकरणे पाहिली तर आजच्या माइक्रोवेव्ह प्रयोगशाळेचे बीज त्यात दिसते. लहर वाहून नेणारी पोकळ धातूची नळी, तिच्या तोंडाशी लहर गोळा करणारे नरसाळे, भिंगे, लोलक आणि गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाचा शोधक. लहरीच्या कंपनाची दिशा तपासण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकाच्या पानांमध्ये धातूचा वर्ख घालून पाहिला, तागाची जुडी वापरून पाहिली. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे सारे मांडले. नंतर त्यांचे लक्ष वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले, आणि सूक्ष्मलहरी सुमारे चाळीस वर्षे अडगळीत पडल्या.

७/
असे का झाले? कारण जगाला तेव्हा लांब पल्ला हवा होता. साम्राज्यांना समुद्रापार बोलायचे होते आणि मिलिमीटरच्या लहरी क्षितिजापलीकडे जात नव्हत्या. मार्कोनीने लांबच लांब लहरींची वाट धरली. पुढे लघुलहरींचा शोध लागला. दहा-वीस-तीस मीटर लांबीच्या या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, म्हणजे आयनांबरावर आदळून पुन्हा जमिनीकडे परततात. पृथ्वीची गोलाई चुकवण्यासाठी निसर्गानेच जणू आकाशात आरसा टांगला होता.

८/
या आरशाचा फायदा महाराष्ट्राच्या भूमीने घेतला. १९२७ साली ब्रिटन आणि भारत यांच्यात लघुलहरींवरची बिनतारी तारसेवा सुरू झाली. प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. खडकीहून निघालेला संदेश आयनांबर व जमीन यांच्यामध्ये टप्पे घेत इंग्लंडला पोहोचे. परंतु हा आरसा लहरी होता. दिवस-रात्र, ऋतू, सूर्यावरचे डाग यांप्रमाणे तो बदले; कधी आवाज स्पष्ट, कधी नुसती खरखर. शिवाय त्या पट्ट्यात जागा थोडी. हजारो लोकांनी एकाच वेळी बोलायचे तर कंपनसंख्या वाढवणे भाग होते. म्हणजे पुन्हा बोसांच्या वाटेने जाणे.

९/
त्या वाटेवर एक मोठा अडथळा होता : शक्ती. रेडिओच्या साध्या निर्वात नळ्या इतक्या वेगाने कंपन करू शकत नव्हत्या. कोडे सुटले ते युद्धामुळे. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. सुमारे १० सेंटिमीटरची लहर आणि शेकडो वॉट शक्ती. त्याच वर्षी ब्रिटिश शिष्टमंडळाने हा तळहातावर मावणारा तांब्याचा ठोकळा अमेरिकेला नेला. इतक्या आखूड लहरीवर चालणारे रडार विमानात बसवता आले आणि रात्रीच्या अंधारात समुद्रावरची पाणबुडी दिसू लागली.

१०/
मॅग्नेट्रॉनची करामत समजायला अवघड नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते. तिचा सूर तिच्या पोकळीच्या मापावर ठरतो. मॅग्नेट्रॉनमध्ये तांब्याच्या ठोकळ्यात गोलाकार पोकळ्या कोरलेल्या असतात. मधल्या तापलेल्या दांड्यातून निघालेले इलेक्ट्रॉन चुंबकामुळे सरळ न जाता गोल फिरतात आणि पोकळ्यांच्या तोंडावरून जाताना त्यांना ‘फुंकर’ मारतात. पोकळी विद्युतकंपनांनी घुमते. ती लहर तारेतून नेली तर बरीचशी वाया जाते, म्हणून ती पोकळ धातूच्या नळीतून नेतात. अट एकच : नळीची रुंदी तरंगलांबीच्या निम्म्याहून अधिक हवी, नाहीतर लहर आत शिरतच नाही.

११/
युद्ध संपल्यावर या ठोकळ्याचे वंशज घराघरांत आणि रुग्णालयांत पोहोचले. रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर याने १९४५ मध्ये याच लहरींनी अन्न तापवण्याची कल्पना मांडली. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह तिथून आला. दुसरा वंशज अधिक मोलाचा. पवईच्या ‘समीर’ या संस्थेची स्थापना १९८४ ची. तिचे मूळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील माइक्रोवेव्ह विभागात. ‘समीर’ने कर्करोगावरील किरणोपचारासाठी देशी बनावटीचे रेषीय त्वरक तयार केले. त्यात माइक्रोवेव्हच्या लाटेवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन वेग घेतात, धातूवर आदळतात आणि क्ष-किरण निर्माण करतात. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या रुग्णालयातही असे यंत्र बसले.

१२/
आता पुन्हा बातमीकडे. लहर निर्माण झाली, शक्तीही मिळाली. पण क्षितिजाचे काय? अभियंत्यांनी निवडलेला उपाय पेशव्यांच्या जासुदांनाही ओळखीचा वाटला असता : डाकचौकी. उंच मनोऱ्यावर डिश बसवायची, पुढच्या मनोऱ्याकडे नेमका रोख धरायचा, आलेला क्षीण संदेश वाढवायचा आणि पुढे ढकलायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी शंभरावर मनोऱ्यांची साखळी पूर्ण झाली आणि एका किनाऱ्यावरचा आवाज हवेतून टप्प्याटप्प्याने दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचला.

१३/
भारतात पहिला माइक्रोवेव्ह मार्ग १९६५ साली कोलकाता आणि आसनसोल यांच्या दरम्यान सुरू झाला. ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट पाहण्याचे दिवस हळूहळू मागे पडण्यात अशा मार्गांचा वाटा मोठा होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावोगावी एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक लागले. काचेच्या खोक्यात उभे राहून मुंबईच्या नातेवाइकाशी बोलणाऱ्या माणसाला माहीत नसे, पण अनेकदा त्याचा आवाज डोंगरमाथ्यांवरून उड्या मारत चाललेला असे.

१४/
दोन मनोऱ्यांमध्ये अंतर किती ठेवायचे, हे पृथ्वीची गोलाई ठरवते. सपाट प्रदेशात ३० मीटर उंचीचे दोन मनोरे एकमेकांना जेमतेम ४५ किलोमीटरवरून ‘पाहू’ शकतात. उंची वाढवली की टप्पा वाढतो, पण उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. दुप्पट पल्ल्यासाठी मनोरा चौपट उंच करावा लागतो. याच हिशेबाने बुराडी ते उदगीर या सरळ रेघेवर पंचवीस-सव्वीस टप्पे लागतील. लहरीचा प्रत्यक्ष प्रवास मात्र सुमारे चार सहस्रांश सेकंदांचा. १७६० मध्ये त्याच अंतराला महिना लागला होता.

१५/
मनोऱ्याला दुसरा पर्याय म्हणजे डोंगर. इथे दुर्गप्रेमींना ओळखीची खूण सापडेल. गिरिदुर्गाची जागा निवडताना जो प्रश्न विचारला जाई, तोच प्रक्षेपण मनोऱ्यासाठीही विचारावा लागतो : इथून किती मुलूख नजरेत येतो? मुंबईत १९७२ मध्ये दूरदर्शन सुरू झाले आणि पुण्यासाठी मनोरा उभा राहिला तो सिंहगडावर. मराठवाड्यात असा मनोरा औरंगाबादजवळच्या म्हैसमाळच्या पठारावर आहे. दूरदर्शनच्या त्या लहरी माइक्रोवेव्हपेक्षा लांब होत्या, तरी दृष्टिरेषेचा नियम त्यांनाही लागू होता. उदगीरचा किल्ला मात्र भुईकोट. त्याची भिस्त उंचीपेक्षा खंदकावर आणि तटावर.

१६/
डोंगरापेक्षा उंच जागा कोणती? विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून तो आकाशात एका जागी स्थिर दिसतो. तो म्हणजे जगातला सर्वांत उंच माइक्रोवेव्ह मनोरा. लघुलहरींना परत फिरवणारे आयनांबर माइक्रोवेव्ह सहज भेदून जाते, म्हणून हे शक्य झाले. भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र १९७१ साली पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस विक्रम साराभाई यांचे निधन झाले आणि केंद्राला त्यांचे नाव मिळाले. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत भारताचे परदेशांशी होणारे बोलणे या खेड्यातून जाऊ लागले.

१७/
आर्वीच्या डिशचा व्यास सुमारे ३० मीटर होता. इतकी मोठी कशासाठी? उपग्रहाकडून येणारी लहर सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीची, आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत कमालीची क्षीण झालेली. डिशचा व्यास तरंगलांबीच्या जितका पट, तितकी तिची नजर टोकदार. इथे तो चारशे पट होता. त्यामुळे ती आकाशाचा अंशाच्या पाचव्या भागाहूनही लहान तुकडा पाही आणि त्या एका दिशेने येणारा संदेश, सर्व दिशांना सारखे ऐकणाऱ्या अँटेनाच्या मानाने, जवळजवळ दहा लाख पटींनी गोळा करी. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागे. जुन्या परदेशी फोनवर दोघे एकदमच बोलू लागत आणि दोघेही थांबत, त्याचे कारण हेच.

१८/
इतके हळू ऐकायचे तर आसपास शांतता हवी. जमिनीवरच्या माइक्रोवेव्ह साखळ्याही त्याच पट्ट्यात बोलत असत. त्यांचा गोंगाट महानगरांजवळ अधिक. इथे भूमिका उलटते. साखळी उभारताना आडवा येणारा डोंगर इथे संरक्षक तट बनतो. आर्वीपासून जवळच, नारायणगावच्या खोडद परिसरात, गोविंद स्वरूप यांनी महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, पैकी चौदा मध्यभागी आणि सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजनची मूळ २१ सेंटिमीटरची कुजबुज ऐकणाऱ्या या दुर्बिणीसाठी जागा निवडताना भोवतालच्या डोंगरांचा आडोसा मोलाचा ठरला.

१९/
साखळ्यांचा सुवर्णकाळ फार टिकला नाही. १९७९ साली पुण्यात टेलिफोन केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू वाहिनी सुरू झाली. केसासारख्या काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाश गोलाई पाहत नाही, डोंगर पाहत नाही. पुढच्या दशकांत लांब पल्ल्याची वाहतूक तंतूंकडे आणि समुद्राखालच्या केबलींकडे गेली. आर्वीसारख्या केंद्रांचे महत्त्व ओसरले. तरी माइक्रोवेव्ह संपली नाही. कोणत्याही तालुक्याच्या गावी मोबाइल टॉवरकडे मान वर करून पाहावे : उभ्या लांबट पेट्या फोनशी बोलतात, आणि ढोलकीसारखे गोल पांढरे डबे शेजारच्या टॉवरशी. ते डबे म्हणजे १९६५ च्या साखळीचे थेट वारसदार. तंतू जिथे पोहोचला नाही, तिथे आजही तेच डाकचौकी चालवतात.

२०/
आता मराठवाड्याच्या जिवाभावाचा प्रश्न : पाऊस. धो-धो पावसात घरावरच्या छत्रीचे चित्र जाते, हा सर्वांचा अनुभव. अडीच सेंटिमीटर लांबीची ती लहर पावसाचे थेंब गिळतात आणि विखुरतात. दुसऱ्या महायुद्धातील रडारचालकांनाही पडद्यावर शत्रूच्या विमानाऐवजी ढग दिसत आणि ते वैतागत. हवामानशास्त्रज्ञांनी त्या वैतागातूनच साधन घडवले. रडार लहरीचा अगदी छोटा ठोका सोडते आणि परतीची वाट पाहते. एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर अंतर. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर परतणारी शक्ती चौसष्ट पट होते, म्हणून गारांचा ढग पडद्यावर पेटल्यासारखा दिसतो. थेंब जवळ येतात की दूर जातात, हे डॉप्लर तत्त्वाने कळते.

२१/
रडार नसण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३. काही किलोमीटरवर इतका फरक पडतो, तिथे ढग डोळ्यांनी पाहण्यावाचून गत्यंतर नसते. आणि मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हते. ते २०१० मध्ये कुलाब्याला बसले. मराठवाड्याची कथा वेगळी आहे, पण वेदना कमी नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने हातातोंडाशी आलेला रब्बी हंगाम झोडपला. पाठोपाठ दुष्काळ आला. २०१५ मध्ये कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी औरंगाबादेत तात्पुरते रडार आणावे लागले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले.

२२/
उदगीरवरचा ढग रडारला कसा दिसतो? हैदराबादचे डॉप्लर रडार उदगीरपासून हवाई अंतराने सुमारे १८० किलोमीटरवर आहे. त्याचा किरण अर्धा अंश वर रोखला तर पृथ्वीच्या गोलाईमुळे उदगीरवर पोहोचेपर्यंत तो जमिनीपासून सुमारे साडेतीन किलोमीटर उंच गेलेला असतो. शिवाय एक अंश रुंदीचा किरण तिथवर तीन किलोमीटर जाड झालेला असतो. उंच वाढलेला वादळी ढग त्याला सापडतो. पण बुटक्या ढगाचा पाऊस आणि जमिनीलगतचे वारे किरणाच्या खालून निसटतात. मुंबई व नागपूर तर याहून पुष्कळ दूर. १७६० मध्ये उदगीर बातमीपासून महिनाभराच्या अंतरावर होते. आज बातमी क्षणात येते, पण उदगीरचे आकाश नीट पाहायचे तर जवळच डोळा हवा. मराठवाड्याला स्वतःचे हवामान रडार हवे, या मागणीमागचे भूमितीय कारण हे आहे.

२३/
या प्रश्नाला एक अनपेक्षित जोडउत्तरही आहे. २००६ मध्ये इस्रायलच्या तेल अविव विद्यापीठातील हागित मेसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, मोबाइल टॉवरांमधल्या माइक्रोवेव्ह दुव्यांची शक्ती पावसात किती घटते, यावरून दोन टॉवरांमधला पाऊस मोजता येतो. काही वर्षांनी नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा हजारो दुव्यांच्या नोंदींवरून देशभरच्या पावसाचे नकाशे काढले. वेगळे यंत्र नको, नवा मनोरा नको. कंपन्यांकडे असलेल्या नोंदी हव्यात. हे दुवे जमिनीपासून तीस-चाळीस मीटरवर असतात, म्हणजे रडारचा किरण जिथे पोहोचत नाही नेमके तिथे. गार मात्र त्यांना नीट ओळखता येत नाही आणि तिच्या आगमनाची आगाऊ सूचनाही ते देत नाहीत. त्यासाठी रडारच लागते.

२४/
बोसांच्या पोकळ नळीपासून टॉवरावरच्या ढोलकीपर्यंत एकच नियम चालत आला आहे : माइक्रोवेव्ह जिथवर पाहू शकते, तिथवरच बोलू शकते. त्या नियमाला कधी मनोऱ्याने उत्तर दिले, कधी सिंहगडाच्या माथ्याने, कधी उपग्रहाने. खोडदला तर डोंगराच्या आडोशाचेच वरदान झाले. साधने पोहोचली ती आधी महानगरांत, मग किनाऱ्यावर आणि शेवटी पठारावर. बुराडीची वार्ता उदगीरच्या छावणीत वेळेवर पोहोचली असती तर इतिहास बदलला असता की नाही, यावर वाद चालत राहतील. गारपिटीची वार्ता अर्धा तास आधी मिळाली तर निदान माणसे आणि जनावरे आडोशाला जातात, याविषयी शेतकऱ्यांमध्ये वाद नाही.

#उदगीर #मराठवाडा #विज्ञानाचा_इतिहास #धागा_समाप्त